लोकमान्यांची न झालेली सही

इतिहासात काय काय घडलं यावर ढिगाने लिहिलं जातं. काय घडता घडता राहिलं, यावर फारसं कोणी लिहीत नाही. घडलेल्या गोष्टीला तारीख असते, पुतळा असतो, जयंती असते. न घडलेल्या गोष्टीचं तसं काही नसतं. तरी एका न घडलेल्या गोष्टीवर मला आज लिहायचंय. ती म्हणजे एक सही. मार्च १९१८, मुंबई. कागद तयार होता, आजूबाजूला सह्या करणारे होते आणि ज्यांच्या सहीला त्या काळात सगळ्यात जास्त वजन होतं ते लोकमान्य टिळक तिथे हजर होते. भाषणही झालं होतं, आणि तेही दणदणीत. सही मात्र झाली नाही.

सही मागणारे होते विठ्ठल रामजी शिंदे. कागद होता अस्पृश्यता न पाळण्याच्या प्रतिज्ञेचा.

टिळकांच्या भाषणातलं एक वाक्य आपल्याला शाळेपासून माहीत असतं. देवाला जर अस्पृश्यता चालत असेल तर मी त्याला देव मानणार नाही, अशा अर्थाचं. भिंतीवरच्या सुविचारात, फळ्यावर, ग्रीटिंग कार्डावर आणि आता व्हॉट्सअॅपवर ते फिरत असतं. बोललं कुठे गेलं, कोणाच्या आग्रहावरून बोललं गेलं आणि त्यानंतर काय झालं, हे मात्र त्याच्यासोबत कोणी पाठवत नाही. शाळेच्या पुस्तकातही ते नसायचं, निदान आमच्या बीडकडच्या शाळेत तरी नव्हतं.

तर आधी सही मागणारा माणूस कोण, ते बघू.

शिंदे मूळचे जमखंडीचे, जन्म २३ एप्रिल १८७३. जात मराठा, घरात वारकरी वातावरण. फर्ग्युसनमधून बी.ए. झाले, प्रार्थना समाजात गेले आणि १९०१ ते १९०३ अशी दोन वर्षं ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास करून आले. जायला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची मदत झाली होती. (हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.) ऑक्सफर्ड करून आलेल्या माणसाने त्या काळी काय करावं? बॅरिस्टर व्हावं, संस्थानात नोकरी धरावी. ह्यांनी प्रार्थना समाजाचं प्रचारकाचं काम धरलं आणि गावोगाव हिंडायला लागले.

हिंडता हिंडता १९०५च्या सुमाराला ते अहमदनगरजवळच्या भिंगारला पोचले. (नगरचं आता २०२४ पासून अहिल्यानगर झालंय.) तिथल्या अस्पृश्य वस्तीतली मंडळी रात्री उशिरा जमली होती. त्यांचं ऐकल्यावर शिंद्यांनी आपलं आयुष्य याच कामाला द्यायचं ठरवलं. भिंगारपासून पूर्वेला बैलगाडीने दिवसभर गेलं की निजामाची हद्द लागायची, म्हणजे आमचा बीड जिल्हा, आष्टीचा भाग. सरकार वेगळं, नाणं वेगळं, कचेरीची भाषा उर्दू. पण गावाची रचना हद्दीच्या दोन्ही बाजूंना अगदी एकच: गाव, गावकूस आणि कुसाबाहेर महारवाडा आणि मांगवाडा. पाणवठे वेगळे. या एका बाबतीत इंग्रज आणि निजाम यांच्या राज्यात तसूभर फरक नव्हता.

१८ ऑक्टोबर १९०६ला शिंद्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं. परळला शाळा सुरू झाली, मग वसतिगृहं, मग पुणे आणि इतर ठिकाणी शाखा. बहीण जनाबाईसुद्धा या कामात उतरल्या. शिंद्यांची मला आवडणारी गोष्ट अशी की ते आधी आकडे काढायचे. देशात अस्पृश्य किती, कोणत्या प्रांतात किती, हे जनगणनेच्या रिपोर्टातून काढून लोकांपुढे मांडायचे. दयाबुद्धीने नाही तर हिशेबाने बोलायचे. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे जवळचं वाटतं, त्याला काय करणार.

आता १९१७-१८चं राजकारण. हे थोडं समजून घ्यावं लागेल, नाहीतर सहीची किंमत कळत नाही.

ऑगस्ट १९१७ मध्ये भारतमंत्री मॉंटेग्यूने जाहीर केलं की हिंदुस्थानला टप्प्याटप्प्याने जबाबदार राज्यपद्धती देणार. हिवाळ्यात तो स्वतः इकडे आला आणि प्रत्येक गटाची गाऱ्हाणी ऐकायला लागला. काँग्रेस आणि लीगने १९१६ साली लखनौला करार करून एक योजना तयार ठेवली होती. सरकारच्या बाजूचे लोक विचारत होते, तुम्ही स्वराज्य मागता, पण स्वतःच्या गावातल्या पाचव्या-सहाव्या माणसाला पाण्याला शिवू देत नाही, त्याचं काय? प्रश्न सोयीसाठी विचारलेला होता, पण म्हणून तो खोटा नव्हता.

११ नोव्हेंबर १९१७ला मुंबईत नारायणराव चंदावरकरांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यवर्गाची एक सभा झाली. तिने काँग्रेस-लीग योजनेला पाठिंबा दिला आणि त्याच दमात काँग्रेसला सांगितलं की आमच्यावरची बंधनं काढण्याचा ठराव तुम्हीही करा. काँग्रेसने डिसेंबरात, अ‍ॅनी बेझंट अध्यक्ष असताना, कलकत्त्याला तो केला. काँग्रेसचा जन्म १८८५चा. म्हणजे बत्तीस वर्षं लागली. डॉ. आंबेडकरांनी पुढे १९४५च्या आपल्या पुस्तकात हा सगळा व्यवहार उकलून दाखवला आहे, आणि त्यांना तो मनापासूनचा वाटला नव्हता हे सांगायला नकोच.

ठराव झाला. पण काँग्रेसचा ठराव म्हणजे काय, हे शिंद्यांना चांगलंच माहीत होतं. ठराव संस्था करते, पाळायचा मात्र कोणालाच नसतो. म्हणून २३ मार्च १९१८पासून मुंबईत त्यांनी अखिल भारतीय अस्पृश्यता निवारण परिषद भरवली आणि अध्यक्ष म्हणून सयाजीराव गायकवाडांना आणलं. विठ्ठलभाई पटेल, जयकर, बिपिनचंद्र पाल असे वक्ते आले. आणि शिंद्यांनी प्रयत्न करून टिळकांनाही आणलं.

इथे एक कंस उघडतो. अध्यक्षस्थानी बसलेले सयाजीराव मनाने खरेच सुधारक. अस्पृश्यांसाठी त्यांनी राज्यात शाळा काढल्या, आंबेडकरांना परदेशी शिकायला शिष्यवृत्ती दिली. पण परिषदेच्या आदल्याच वर्षी, १९१७ मध्ये, तेच आंबेडकर कोलंबिया आणि लंडन करून बडोद्याला नोकरीवर हजर झाले तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी वसतिगृहात नाव लपवून राहिले, तिथूनही काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढलं. महाराजांचं मन चांगलं होतं, पण कचेरीतला शिपाई फाईल लांबून फेकत होता. १९१८च्या परिषदेपासून आंबेडकर लांबच राहिले. का राहिले असतील, याचा अंदाज करायला फार डोकं लागत नाही. कंस बंद.

परिषदेत टिळक बोलले. त्यांच्या आधी असं कोणी बोललंच नव्हतं असं नाही, पण हे टिळक होते. मंडालेची सहा वर्षं भोगून आलेले, होमरूलसाठी गावोगाव फिरणारे, तेल्यातांबोळ्यांचे पुढारी. देवाबद्दलचं ते वाक्य त्यांनी टाकलं तेव्हा सभा कशी उसळली असेल, ते डोळ्यापुढे येतं. शिंद्यांना वाटलं असणार की जमलं, वीस वर्षांचं काम आता एका दिवसात होणार.

मग तो जाहीरनामा आला. त्यात कायदा मागितलेला नव्हता. देवळं उघडा असं नव्हतं. सहभोजन नव्हतं, बेटीव्यवहार तर लांबच. सही करणारा म्हणत होता इतकंच की मी माझ्या स्वतःच्या रोजच्या वागण्यात अस्पृश्यता पाळणार नाही. बस. याच्याहून मवाळ मागणी करणं अवघड आहे. शिंद्यांनी मुद्दाम ती एवढी खाली आणली होती, की भाषण करणाऱ्या कोणालाही नाही म्हणायला जागा राहू नये.

टिळकांनी सही केली नाही.

आम्हा प्रोग्रॅमर लोकांत हा माणूस सगळ्यांनी पाहिलेला असतो. कोड रिव्ह्यूमध्ये तो भरभरून लिहितो, छान आहे, असंच हवं होतं, तत्त्वतः पूर्ण सहमत. आणि अप्रूव्हचं बटण दाबत नाही. तुम्ही आठवडाभर वाट बघता. बटण दाबलं की उद्या काही फुटलं तर त्याचंही नाव लागतं ना! कॉमेंटला तसं नाव लागत नाही.

पण ही उपमा इथेच सोडतो. टिळकांना भित्रा म्हणणं हास्यास्पद आहे. सहा वर्षं मंडालेच्या तुरुंगात काढली, तिथे असताना बायको गेली, मधुमेहाने शरीर पोखरलं, तरी सुटल्यावर पुन्हा त्याच कामाला लागले. असा माणूस एका सहीला घाबरेल? खरा प्रश्न हा आहे. आणि त्याचं उत्तर मला वाटतं १९१८मध्ये नाही, १८९०मध्ये आहे.

१४ ऑक्टोबर १८९०ला पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झालं. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. हजर असलेल्या पुणेकरांत रानडे होते, गोखले होते, टिळक होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता कपाला हात लावला. गोपाळराव जोशी नावाच्या विक्षिप्त गृहस्थांनी (डॉ. आनंदीबाईंचे यजमान) हजर मंडळींची यादी 'पुणे वैभव'मध्ये छापून दिली. ख्रिश्चनाच्या हातचा चहा! झालं. सनातन्यांनी शंकराचार्यांकडे तक्रार केली, चौकशीसाठी माणसं नेमली गेली, ग्रामण्य झालं. ग्रामण्य म्हणजे जातीचा खटला आणि वाळीत टाकणं. टिळकांच्या घरी धर्मकृत्यांना भटजी मिळण्याची पंचाईत झाली. मी काशीला प्रायश्चित्त घेतलं आहे असं सांगून टिळकांनी आपल्यापुरता मार्ग काढला. रानड्यांनी पुढे १८९२ला प्रायश्चित्त घेतलं आणि त्यावरून सुधारकांच्याच शिव्या खाल्ल्या.

चहाच्या एका कपावरून हे! आज वाचताना हसू येतं. पण घरात मुंज आहे, लग्न आहे आणि दारात भटजी येत नाही, म्हाताऱ्या माणसांची तोंडं उतरलेली आहेत, हे ज्याने दोन वर्षं काढलंय त्याला ते विनोदी वाटलं नसणार. सरकारचा तुरुंग टिळकांना मोठा करत होता. जातीने टाकलेला माणूस मात्र मोठा होत नव्हता. त्याच्या सभेला येणारी माणसं कमी होत. टिळकांनी यातून जो धडा घेतला तो त्यांनी पुढे सोडला नाही: लोकांच्या चार पावलं पुढे जायचं नाही, अर्धं पाऊल पुढे राहायचं. १८९१चा संमतिवयाचा कायदा, १८९५ला काँग्रेसच्या मांडवात सामाजिक परिषद भरू न देणं, कोल्हापूरचं वेदोक्त प्रकरण, सगळीकडे हाच धागा दिसतो. आधी स्वराज्य, घरातली भांडणं मग.

या बाजूला काही म्हणणंच नाही असं मी म्हणणार नाही. १९१८च्या मार्चमध्ये टिळक विलायतेला जायच्या तयारीत होते. एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला मवाळ, आणि स्वतःच्या मागे उभा असलेला बराचसा वर्ग सनातनी. ती सही 'केसरी'च्या कितीतरी वाचकांना, देणगीदारांना, गावोगावच्या होमरूल शाखा चालवणाऱ्या वकील-इनामदारांना खटकली असती. त्यांनी हिशेब केला आणि स्वराज्याची बाजू जड ठरवली. शिवाय एक बारीक गोष्ट: भाषणात माणूस समाजाबद्दल बोलतो, प्रतिज्ञेत स्वतःच्या घराबद्दल. सही केल्यावर ती पाळली नसती तर टिळक खोटे पडले असते, आणि टिळक खोटं लिहून देणाऱ्यातले नव्हते. एका अर्थाने सही न करणं हा प्रामाणिकपणाच.

असं सगळं मांडून झाल्यावरही माझं मत शिंद्यांच्या बाजूने पडतं. हिशेबात एक रकमेची नोंदच नव्हती म्हणून. टिळकांनी सही केली असती तर कोण दुरावलं असतं हे त्यांनी मोजलं. न केल्याने कोण दुरावेल हे मोजलं नाही, कारण ते लोक तोवर मोजणीतच नव्हते. त्यांची सभा नव्हती, वर्तमानपत्र नव्हतं, मत नव्हतं. २६ वर्षांचा एक बडोद्याहून हाकललेला माणूस मुंबईत बसून हे सगळं बघत होता, आणि पुढच्याच वर्षी, जानेवारी १९१९ला, तो साउथबरो कमिटीपुढे साक्ष द्यायला उभा राहणार होता. शिंद्यांनीही तिथे साक्ष दिली. पण आता अस्पृश्यांच्या वतीने बोलायला अस्पृश्यांतलाच माणूस आलेला होता.

हे काही फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत काळ्या-गोऱ्यांच्या वेगळ्या शाळा घटनाबाह्य आहेत असा निकाल १९५४ला लागला. १९५७ला लिटल रॉकमध्ये नऊ काळी मुलं शाळेत जाताना सैन्य पाठवावं लागलं. ते पाठवणारे अध्यक्ष आयझेनहॉवर १२ मे १९५८ला काळ्या पुढाऱ्यांच्या सभेत बोलायला आले आणि त्यांनी सल्ला दिला, धीर धरा. श्रोत्यांत जॅकी रॉबिन्सन होता. मोठ्या लीगच्या बेसबॉलमधली रंगाची भिंत १९४७ला ज्याने ओलांडली तो. तोवर निवृत्त होऊन एका कॉफी कंपनीत अधिकारी झाला होता. दुसऱ्याच दिवशी त्याने कंपनीच्या लेटरहेडवर अध्यक्षांना पत्र टाकलं. सूर अगदी सभ्य. म्हणणं असं की धीर हा शब्द पुन्हा ऐकल्यावर मला उठून उभं राहावंसं वाटलं, आमच्याइतका धीर आजवर कोणी धरलाय? आणि तुम्ही धीराचा उपदेश करता तेव्हा फॉबससारख्या गव्हर्नरांना बळ मिळतं.

शिंदे आणि रॉबिन्सन दोघंही आगलावे नव्हते. दोघांना आपापल्या पुढाऱ्याबद्दल आदर होता. शिंदे तर सुधारकांच्या गोटात असूनही राजकारणात टिळकांकडे झुकलेले, त्यासाठी सुधारकांचे टोमणे खाणारे. परका माणूस सही मागतो तेव्हा ते आव्हान असतं, आपला माणूस मागतो तेव्हा ती विनवणी असते. आणि आपल्या माणसाला नाही म्हणणं पुढाऱ्याला सोपं जातं, हे दोन्हीकडे दिसलं. तो कुठे जाणार आहे?

शिंदे कुठे गेले, ते बघा. १९२०ला पुण्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा वाद पेटला. पैसा कमी आहे, आधी मुलांना सक्ती करू, मुलींचं मग, असं टिळकांचं म्हणणं. पुन्हा तेच 'मग'. शिंदे मुलींच्या बाजूने उभे राहिले. पुण्यात टिळकांना सभेत बोलू दिलं गेलं नाही, असा प्रसंग त्या वादात आला. त्याच वर्षी १ ऑगस्टला टिळक गेले. विषय तिथेच थांबला.

शिंद्यांच्या वाट्याला मात्र मधल्या माणसाचं नशीब आलं. ब्राह्मणेतर पक्षाला ते ब्राह्मणांचे वाटले, ब्राह्मणांना बाटगे वाटले आणि ज्यांच्यासाठी राबले त्यांना स्वतःचं नेतृत्व मिळाल्यावर स्पृश्यांनी चालवलेलं मिशन नकोसं झालं. १९२३ला ते मिशनच्या कारभारातून बाहेर पडले. १९३०ला कायदेभंगात तुरुंगात गेले, १९३३ला 'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' हा ग्रंथ लिहिला, २ जानेवारी १९४४ला वारले. महर्षी म्हणतो आपण त्यांना. महर्षी म्हटलं की वाचायची गरज उरत नाही, ही मराठी माणसाची जुनी युक्ती आहे.

विनवण्यांचा काळही तोवर संपला होता. ४ ऑगस्ट १९२३ला मुंबई कौन्सिलमध्ये सी. के. बोल्यांचा ठराव मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. महाड नगरपालिकेने १९२४ला तो मान्य केला. कागदावर. मार्च १९२७ला लोक प्रत्यक्ष चवदार तळ्यावर गेले तेव्हा काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. आमचा भाग निजामाकडे असल्यामुळे बोले ठराव इकडे लागूही नव्हता, हे जाता जाता.

सहीची गोष्ट मात्र इथे संपत नाही. तिला एक शेपूट आहे, आणि सगळ्या प्रकरणात मला सर्वांत अस्वस्थ करतं ते तेच.

टिळकांचे धाकटे चिरंजीव श्रीधरपंत, जन्म १८९६चा. वडील गेल्यावर 'केसरी'च्या विश्वस्तांशी त्यांचं बिनसलं, कोर्टकचेऱ्या झाल्या. श्रीधरपंतांची ऊठबस प्रबोधनकार ठाकरे आणि डॉ. आंबेडकर यांच्याबरोबर. गायकवाड वाड्यातल्या गणपतीपुढे अस्पृश्य मुलांचा मेळा आणायचा त्यांनी घाट घातला, विश्वस्तांनी अडवलं, तरी मेळा आत आला. ८ एप्रिल १९२८ला त्यांनी त्याच वाड्यात समाज समता संघाची पुणे शाखा उघडली. आंबेडकर आले होते. पंगत बसली, सगळ्या जातींची एकत्र. वाड्यावर पाटी लागली, चातुर्वर्ण्य विध्वंसक समिती. गायकवाड वाड्यावर! जिथे 'केसरी' छापला जायचा, जिथे शिंद्यांसारखे लोक टिळकांना भेटायला यायचे, त्या वास्तूवर.

वडिलांनी दहा वर्षांपूर्वी न केलेली सही मुलाने अशी केली, असं लिहायचा मोह होतो. (लिहिलंच की!) पण श्रीधरपंतांनी काही वडिलांचं देणं फेडायला हे केलं नसावं. त्यांना ते पटत होतं म्हणून केलं.

पंगतीनंतर दोन महिनेही झाले नाहीत. २५ मे १९२८ला श्रीधरपंतांनी भांबुर्ड्याजवळ रेल्वेखाली जीव दिला. वय ३२. वाड्यातली भांडणं, कोर्ट, माणसांचा छळ, सगळं असह्य झालं होतं. जाण्यापूर्वी त्यांनी जी पत्रं लिहिली त्यातलं एक आंबेडकरांना होतं. आंबेडकरांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला, आणि लोकमान्य ही पदवी खरी कोणाला शोभली असती, तर श्रीधरपंतांना, असा त्याचा आशय होता. टिळकांवर आंबेडकरांची इतकी बोचरी टीका दुसरी नसेल. आणि ती टिळकांच्या मुलाच्या प्रेमातून आलेली.

आता जवळ येऊ, आमच्याकडे.

मराठवाडा विद्यापीठ १९५८ला औरंगाबादला सुरू झालं. (औरंगाबाद म्हणजे आताचं छत्रपती संभाजीनगर.) बीडची कॉलेजं त्यालाच जोडलेली. त्याच शहरात १९५०ला आंबेडकरांनी कॉलेज काढलं होतं, नंतर मिलिंद म्हणून नावाजलेलं, आणि मराठवाड्यातल्या कुसाबाहेरच्या पोरांची पहिली पिढी तिथे पदवीधर झाली. विद्यापीठाला आंबेडकरांचं नाव द्यावं ही मागणी सत्तरच्या दशकात जोर धरू लागली. २७ जुलै १९७८ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी तसा ठराव केला. शरद पवार मुख्यमंत्री होऊन दहाच दिवस झाले होते.

आणि मराठवाडा पेटला. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद, त्या वेळचे पाचही जिल्हे. दलित वस्त्या जाळल्या, विहिरी नासवल्या, माणसं मारली. नांदेड जिल्ह्यात पोचिराम कांबळे यांना जिवंत जाळलं. सरकारने ठरावाची अंमलबजावणी थांबवली.

त्या वेळच्या वादातला एक शब्द मला नेहमी खुणावतो: 'तत्त्वतः'. नामांतराला विरोध करणाऱ्यांत हैदराबाद मुक्तिसंग्रामातली आदरणीय माणसं होती, गोविंदभाई श्रॉफ होते, 'मराठवाडा' दैनिकाचे अनंत भालेराव होते. ज्यांनी रझाकारांच्या काळात जीव धोक्यात घातला अशी माणसं. ती जातीयवादी नव्हती, आणि बाबासाहेबांबद्दल आदर नाही असं त्यांच्यातल्या कोणी म्हटलं नाही. मराठवाडा हे नाव आमच्या लढ्याचं नाव आहे, ते पुसू नका, एवढं त्यांचं म्हणणं. ते म्हणणं बिनबुडाचं नव्हतं. पण खेड्यात ते पोचलं तेव्हा त्याचं काय झालं? वस्तीवर चालून जाणाऱ्याच्या हातात मशाल होती आणि तोंडात अस्मिता. त्याला तुमचं 'तत्त्वतः' ऐकू आलं नाही, त्यापुढचं 'पण' तेवढं ऐकू आलं. १९१८च्या भाषणाचंही हेच झालं असणार. सनातन्यांनी वाक्य ऐकलं असेल, पण सही झाली नाही हे त्यांनी जास्त नीट ऐकलं असेल.

बीड-औरंगाबादच्या सवर्ण घरांत त्या दिवसांबद्दल फारसं बोलत नाहीत. दंगल कोणी केली, तर 'बाहेरून आलेल्यांनी'. प्रत्येक गावात बाहेरून आलेलेच. सगळी गावं एकमेकांकडे बाहेरून कशी काय गेली, हे गणित मी बरेचदा विचारलंय, उत्तर अजून मिळालेलं नाही.

पुढे लाँग मार्च झाला, मोर्चे झाले, तुरुंग भरले. नोव्हेंबर १९९३ला नांदेडला गौतम वाघमारे यांनी नामांतरासाठी स्वतःला पेटवून घेतलं. १४ जानेवारी १९९४ला, म्हणजे साडेपंधरा वर्षांनी, निर्णय झाला. मुख्यमंत्री पुन्हा शरद पवारच होते. नाव बदललं नाही, वाढवलं: डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. म्हणून नामांतर नाही, 'नामविस्तार'. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं राखणारी तडजोड, मधला रस्ता. तो रस्ता १९७८ला कोणी मांडला असता तर चालला असता का? मला वाटतं नाही. त्या जुलैमध्ये 'मधला' म्हणावा असा रस्ताच नव्हता, कारण एका बाजूचं काय जळणार आहे हे दुसऱ्या बाजूला मोजायचंच नव्हतं.

बीडच्या कॉलेजातून आज जी मुलं पदवी घेऊन बाहेर पडतात त्यांच्या सर्टिफिकेटवर ते लांबलचक नाव असतं. खाली कुलगुरूंची सही असते. कुलगुरू कुठल्याही जातीचे असोत, ती करावीच लागते.